उपयोगाचा रकाना

नेदरलँड्समधल्या एकूण एक रानफुलाची सोयरीक आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तपासून ठेवलेली आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. या सपाट देशात बांधावर, कालव्याकाठी, सायकलवाटेच्या कडेला, फुटपाथच्या दोन फरशांमधल्या फटीत जे जे आपण होऊन उगवतं, ते कुणाचं कोण, मूळचं कुठलं, घरचे कसे आणि पुढेमागे कुणाच्या उपयोगी पडेल का, याची साग्रसंगीत नोंद वाखनिंगनमधल्या एका घराच्या जिन्याखाली दोन बिस्किटांच्या डब्यांत लावून ठेवलेली आहे. वाखनिंगन हे शेतकी विद्यापीठाचं गाव. झाडापानांवर डॉक्टरेट केलेली माणसं तिथे पैशाला पासरी मिळतात. माझे थोरले दीर त्यांतलेच एक. पण त्यांचा सगळा जीव बटाट्यात. जाऊबाई म्हणतात, "यांचं सगळं लक्ष जमिनीखाली. वर काय चाललंय ते मलाच बघावं लागतं."

या बघण्याचं मूळ कराडला आहे. तिथे जाऊबाईंच्या वडिलांचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि दहावीपासून जाऊबाई तिथे कार्डं भरायला बसत. नाव, कुळ, उंची, वर्ण, बांधा, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, शिक्षण, व्यवसाय, नातेवाईक, अपेक्षा आणि सगळ्यांत खाली शेरा. मंडळी खरं कुठे बोलताहेत आणि हात राखून कुठे, हे म्हणे त्यांना 'उंची' या रकान्यापाशीच कळायचं. पुढे त्यांचं स्वतःचं कार्ड आमच्या सासूबाईंच्या हाती पडलं आणि बी.कॉम. झालेल्या जाऊबाई बटाट्यामागोमाग इथे आल्या. पहिला हिवाळा खिडकीत बसून काढला. मग एप्रिल आला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाएकी हजारो फुलं उभी राहिली आणि जाऊबाईंनी मला रायस्वाइकला, माझ्या घरी, फोन केला. "अगं, एवढी उपवर मंडळी दारात ताटकळत उभी, आणि एकाची म्हणून माहिती नाही!" त्याच दुपारी त्यांनी कार्डं करायला घेतली. कार्डं म्हणजे पाठकोऱ्या कागदांचे चार चार तुकडे. ज्या कागदाची एक बाजू कोरी आहे तो कागद टाकून देणं हे जाऊबाईंच्या लेखी पाप आहे, आणि या देशात पत्रं पाठवणारी कार्यालयं इतकी, की त्यांना कागद कधी कमी पडला नाही. रकाने सगळे वडिलांचेच ठेवले. फक्त 'व्यवसाय' खोडून तिथे 'उपयोग' लिहिलं आणि 'फुलण्याचा महिना' एवढा एक रकाना वाढवला. "झाडाला कसली नोकरी? पण बिनउपयोगी कुणी नसतं. बाबा सांगायचे, रकाना रिकामा राहिला तर चूक चौकशी करणाऱ्याची." उपयोग कळल्याशिवाय कार्ड डब्यात जात नाही, हा तेव्हापासूनचा कायदा.

मी ती कार्डं कितीदा वाचली असतील, आणि प्रत्येक वेळी हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आहे. बांधावर उन्हाळाभर फुलणारी पांढऱ्या झुबक्यांची एक वनस्पती आहे, तिला इथे हजारपानी म्हणतात. तिचं कार्ड असं: "उंची दोन फूट. वर्ण पांढरा, क्वचित गुलाबी. बांधा काटक. शिक्षण: थोडं वैद्यकीय, जखमेचं रक्त थांबवते. अपेक्षा: ऊन. शेरा: फार खाऊपिऊ घातलं तर बिघडते." पाणथळीतल्या उंच जांभळ्या फुलाच्या अपेक्षेत लिहिलं आहे, "पाण्याकाठी स्वतंत्र घर." एका काटेरी बाईंच्या कार्डावर शेरा आहे, "स्वभाव समजून घेतल्यास प्रेमळ." आणि ज्या फुलासाठी साऱ्या जगातून माणसं विमानं भरभरून इथे येतात, त्या ट्यूलिपचं कार्डच नाही. मी एकदा विचारलं तर जाऊबाई फणकारल्या. "ती मूळची इथली नव्हेच. आली तुर्कस्तानच्या बाजूने, आपल्यासारखीच कुणाच्या तरी सामानातून. पण तोरा बघ, जसा काही देश हिनेच वसवला!" वनस्पतींच्या पुस्तकात बाहेरून येऊन इथे रुजलेल्या झाडांसाठी जो शब्द वापरतात, तोच शब्द आम्ही इथे आल्यावर दिलेल्या सरकारी परीक्षेलाही आहे. हे कळल्यापासून मात्र जाऊबाई बाहेरून आलेल्यांशी जरा मऊ वागतात. "परीक्षा दिली असणार बिचाऱ्यांनी," म्हणतात. "आणि बोलायच्या पेपरात माझ्यासारखी कुणी दोनदा नापास झाली नसणार."

जाऊबाईंबरोबर सायकलवर जायचं असेल तर विमा उतरवून जावं. इथल्या सायकलवाटांवरून माणसं ऑफिस, शाळा, प्रेमप्रकरण असं सगळं वेळेत गाठत असतात, आणि त्या धारेत मधोमध जाऊबाई कचकन ब्रेक दाबतात. कारण डाव्या हाताला कुणीतरी नवीन दिसलेलं असतं. मागे घंट्यांचा गजर होतो. एकदा एक सूटबूटवाले गृहस्थ त्यांच्या मागच्या चाकावर येऊन आदळले आणि डच माणसं रागावली की जी फार स्वच्छ भाषा बोलतात ती बोलू लागले. जाऊबाई गवतात अर्ध्या वाकलेल्या. त्यांनी मान वर न करता हात उंचावला आणि म्हणाल्या, "सॉरी, मनेर. फामिली!" घरचं माणूस भेटलंय म्हटल्यावर त्या गृहस्थांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी टोपीला हात लावला, सहानुभूतीने मान हलवली आणि सायकल उचलून हळूच कडेने निघून गेले. त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. माझी पुतणी त्या वेळी आमच्या वीस पावलं मागे आपण या बायकांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने उभी होती. घरी गेल्यावर तिने आईला डचमध्ये बरंच काही सुनावलं. जाऊबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मराठीत विचारलं, "भात घालू?"

फुलाची ओळख पटवण्याची त्यांची स्वतःची एक रीत आहे. आता कुणीही फोनवर फोटो काढतं आणि फोन क्षणात नाव सांगतो. माझ्याही फोनमध्ये ते ॲप आहे. पण जाऊबाईंसमोर ते उघडायची सोय नाही. "फोटो बघून काय कळतं ग? कराडात फोटो बघून पसंत केलेली किती स्थळं मी परत आलेली पाहिलीत, माहितीय?" त्या आधी फुलाकडे बघतच नाहीत. आधी घर बघतात, म्हणजे जमीन कशी, ओल किती. मग शेजारी कोण ते. मग पान उलटं करून बघतात, कारण पुढून सगळेच छान दिसतात. मग देठ चिमटीत फिरवून तो गोल की चौकोनी ते पाहतात. मग पान चुरगाळून नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि लांब श्वास घेतात. हे सगळं झाल्यावर फुलाकडे नजर टाकतात, तीही जाता जाता. "रूप शेवटी विचारायचं," हा त्यांचा सिद्धान्त. या रीतीत चुकायला जागा फार थोडी. पण एकदा त्या चुकल्या, आणि नेमकी ती चूक माझ्या डोक्यात माळली गेली.

झालं असं. आमच्या ओळखीतल्या एका नव्या लग्न झालेल्या मुलीची मंगळागौर माझ्या रायस्वाइकच्या घरी होती. मंगळवारची मंगळागौर अर्थातच शनिवारी. श्रावणात इथे शेवंती सोन्याच्या भावाने मिळते, तेव्हा वेण्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, "तू चिंता करू नकोस. नदीकाठच्या बांधावर मला शेवंतीच्या माहेरची माणसं सापडलीत." आणि सकाळच्या गाडीने पिशवीभर फुलं घेऊन आल्या. पिवळीधमक, गोल, अगदी शर्टाच्या बटणाएवढी. पाकळी म्हणून नाही, नुसती टपोरी बटणं. पानं मात्र नक्षीदार, नेच्यासारखी कातरलेली. नाव त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. कुळ कळलं, तेवढ्यावर सोयरीक पक्की करून टाकली होती. एरवी एवढ्या चिकित्सक बाई, पण शेवंतीसारखं कुळ दिसल्यावर पाघळल्या, आपल्याकडची दुसरी कुठलीही बाई पाघळली असती तशाच. पर्समधलं दोऱ्याचं रीळ काढून त्यांनी तासाभरात नऊ वेण्या गुंफल्या. दिसायला अशा सुंदर की नव्या नवरीने चार फोटो लगेच माहेरी पाठवले. पहिली फुगडी सुरू झाली, डोकी गरम झाली, आणि खोलीत एक वास पसरू लागला. आधी कापराचा वाटला. मग डांबराच्या गोळ्यांचा. एक मावशी झिम्मा थांबवून म्हणाल्या, "कुणाची पैठणी थेट ट्रंकेतून आलीय ग?" सगळ्या जणी एकमेकींचे पदर हुंगू लागल्या. दुसऱ्या एकीला वाटलं आपल्याच साडीला वास येतोय, ती बिचारी कोपऱ्यात जाऊन बसली. शेवटी दारं-खिडक्या उघडून सगळा खेळ मागच्या अंगणात हलवावा लागला. आमच्या अंगणामागे पाण्याचा चर आहे आणि संध्याकाळी तिथल्या डासांची जत्रा असते. मी मनात म्हटलं, आता ह्या सगळ्या सुजून घरी जाणार. पण त्या संध्याकाळी वेणी माळलेल्या नऊ जणींना एकही डास चावला नाही. वेणी न माळलेले, पलीकडे कॉफी पीत बसलेले नवरे मात्र जेवणापर्यंत हातपाय खाजवत होते.

दुसऱ्याच दिवशी जाऊबाई फुलांची एक फांदी घेऊन मेव्राउंकडे गेल्या. मेव्राउ म्हणजे इथल्या भाषेत बाई. या मेव्राउ म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या बांधावर रानफुलांची फेरी काढत आणि येईल त्याला फुलं ओळखायला शिकवत. जाऊबाई सात वर्षं त्या फेरीत सगळ्यांत मागे, वही घेऊन, एक अक्षर न बोलता चालत आल्या होत्या. मेव्राउंनी फांदी पाहताक्षणी नाव सांगितलं. त्याचा अर्थ होतो शेतकऱ्यांची जंतांवरची बुटी. जुन्या काळी खेड्यातली माणसं ती जंतांवर देत, कपाटात कसरीवर ठेवत. मग काठी आपटून म्हणाल्या, "पण खायची नाही. पोटात गेली तर विष आहे." जाऊबाईंनी त्या क्षणी मनातल्या मनात त्या पानांच्या थालीपिठाचा बेत रद्द केला. घरी येऊन ते कार्ड पूर्ण केलं. शेरा: "शेवंतीची चुलत बहीण. रूप तेच, स्वभाव कडक. घराची राखण चांगली करते."

डबे मी नेहमी मजेसाठीच उघडत असे. त्या वर्षीच्या शेवटी मी वाखनिंगनला राहायला गेले होते आणि जाऊबाई भाजी आणायला गेल्या असताना पहिला डबा उगीच तळापासून चाळत बसले. तळाशी सगळ्यांत पहिलं कार्ड होतं. त्यावर नाव जाऊबाईंचं होतं. नवा फॉर्म जमतो का ते पाहायला त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःवर भरून पाहिला असावा. "उंची पाच फूट एक इंच. वर्ण निमगोरा. मूळ गाव कराड. सध्याचा मुक्काम वाखनिंगन. फुलण्याचा महिना: बहुधा उशिरा. अपेक्षा: कुणीतरी नाव विचारावं." मी हसत हसत वाचत होते. खाली 'उपयोग' या शब्दापुढे काही नव्हतं. पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं, तेही बऱ्याच वेळा, कारण तिथे कागद पातळ झाला होता. कार्ड उलटून पाहिलं. मागे त्यांच्या इथल्या पहिल्या परवान्याच्या पत्राची झेरॉक्स होती. वास्तव्याचं कारण: जोडीदाराकडे. माझ्याही पत्रावर तेच होतं. मला पुढे नोकरी लागली, मी ते विसरूनही गेले. जाऊबाईंनी किती अर्ज केले ते मला माहीत होतं. इथे त्या दुकानात डच बोलायला तोंड उघडतात, पहिला शब्द अडखळतो, समोरचा माणूस चांगुलपणाने इंग्रजीत वळतो आणि जाऊबाई तोंड मिटून घेतात, हेही मी पाहिलं होतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला इतकं वाईट वाटलं की मी कार्ड होतं तिथे ठेवून डबा बंद केला आणि त्या आल्यावर उगीचच त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला धावले.

पुढच्या उन्हाळ्यात मेव्राउंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. फेरी कुणाकडे तरी सोपवायला हवी होती. त्यांनी आठ वर्षं मागे चालणाऱ्या बाईकडे काठीने बोट केलं. "तू. सप्टेंबरची फेरी तू घे. बघू या." जाऊबाईंनी लगेच मला फोन केला. "अगं, डचमध्ये बोलायचंय. दीड तास! लोकांसमोर! परीक्षेत तर समोर नुसता कॉम्प्युटर होता, तरी मी दोनदा गप्प झाले." मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही स्थळांची माहिती सांगायची आहे, भाषण नाही करायचंय." त्यांना ते पटलं. बांधावर ओळीने उभ्या असलेल्या बावीस झाडांची त्यांनी बावीस भाषणं पाठ केली, ज्या क्रमाने झाडं त्याच क्रमाने. मानाचं स्थान पिवळ्या बटणांना. ती बांधाच्या माथ्यावर रांगेने फुललेली होती. त्यांच्यासाठी तर टपालातून आलेल्या एका जाड, गुळगुळीत पाठकोऱ्या कागदावर डचमधलं नवं कार्ड काढलं. महिनाभर दिरांना सकाळचा चहा त्या भाषणांबरोबर घ्यावा लागला. तेराव्या झाडाला ते म्हणत, "छान, पण मला मीटिंग आहे."

सप्टेंबरचा पहिला रविवार. मी डब्यात चिवडा घेऊन पाठिंबा द्यायला आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी साडेदहाला चौदा माणसं जमली, सगळी म्हातारी, सगळ्यांच्या अंगात रेनकोट. मेव्राउंना एका घडीच्या खुर्चीत बसवून वर आणलं होतं. जाऊबाईंनी मोतिया रंगाची साडी, तिच्यावर जाकीट आणि पायांत बूट असा थाट केला होता. आम्ही पायऱ्या चढून बांधावर आलो आणि थिजलो. बांध नव्हता असं नाही. बांध होता. पण त्यावर काही नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवत यंत्राने कापलेलं, नुकतीच हजामत करून आलेल्या गालासारखं गुळगुळीत, आणि कापलेली बावीसच्या बावीस स्थळं ओळीने आडवी पडलेली. दूर कुंपणापाशी यंत्राच्या तावडीतून सुटलेली दोन-चार पिवळी बटणं तेवढी हलत होती.

जाऊबाईंच्या तोंडून फक्त एवढंच आलं, "गेली ग सगळी." तेही मराठीत. भाषणं झाडांच्या क्रमाने पाठ होती. झाडं गेली तशी भाषणंही गेली. चौदा माणसं बघत होती. वारा होता. मी चिवड्याचा डबा छातीशी घट्ट धरून उभी. मेव्राउ खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या, पण मदतीचा एक शब्द काढायला तयार नव्हत्या. तेवढ्यात एका उंच, भल्या आजोबांनी जरा पुढे होऊन अत्यंत प्रेमाने इंग्रजीत म्हटलं, "आपण इंग्रजीत सांगितलंत तरी आम्हाला चालेल हं."

आठ वर्षं हे वाक्य ऐकल्यावर जाऊबाई तोंड मिटत आल्या होत्या. मला वाटलं, झालं, संपलं. पण जाऊबाईंनी आजोबांकडे अशा नजरेने पाहिलं, जशी उंची दोन इंच वाढवून सांगणाऱ्या वरपित्याकडे कराडला बघत असतील. "नेय," त्या म्हणाल्या. "डच." मग पदर खोचला, सरळ त्या कापलेल्या गवतात मांडी घातली, समोरच्या ढिगातून पिवळ्या बटणांचा एक देठ उपसला, उलटा केला, हुंगला आणि आजोबांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

आजोबा गांगरले. म्हणाले, ग्रोनिंगनकडचे, लहानपण आजीकडे गेलं. जाऊबाईंनी देठ त्यांच्या हाती दिला. "डोळे बंद. वास घ्या. आजीच्या घरी हे कुठे होतं?" डच अगदी मोडकं. क्रियापद एकीकडे, कर्ता दुसरीकडे. आजोबांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. "चादरींच्या कपाटात!" ते ओरडलेच. "आजीच्या चादरींच्या कपाटात! साठ वर्षं झाली." मग काय विचारता. सगळ्या माणसांनी रेनकोट सावरत गवतात बसकण मारली. जाऊबाई एकेकाला मूळ गाव विचारायच्या, हातात देठ द्यायच्या आणि डोळे मिटायला लावायच्या. एकीकडे कुत्र्याच्या टोपलीत पिसवांसाठी हीच पानं अंथरत. एकाच्या काकांकडे माश्या येऊ नयेत म्हणून गोठ्याच्या दारावर जुडी टांगलेली असे. एकीच्या आईने हिच्याच फुलांत लोकर पिवळी रंगवली होती. एक बाई उत्साहाने दुसऱ्या ढिगातली पिवळी फुलं घेऊन आल्या, तर जाऊबाई गरजल्या, "ती नाही! पाकळ्या बघा. हिला पाकळ्या आहेत ना? ही वाईट घरातली. गवताबरोबर सुकून पोटात गेली तर घोड्याचं यकृत खाते. आपल्या हिला फक्त बटणं. आणि वास." चौदाही जणांनी निमूटपणे पाकळ्या तपासल्या. त्यांतलं कुणी ही दोन फुलं आता जन्मात उलटसुलट करणार नाही.

सगळ्यांत शेवटी मेव्राउंनी हात पुढे केला. देठ नाकाशी नेऊन त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "माझे वडील ऑगस्टमध्ये गेले. पुढच्या खोलीत ठेवलं होतं, फार उकडत होतं. आईने त्यांच्या भोवती हीच ठेवली होती. मी सात वर्षांची होते. तो वास मी माझ्याच डोक्यातला समजत होते. फूल मी नेहमी डोळ्यांनीच ओळखत आले." जाऊबाईंचे हात इतका वेळ चाललेलेच होते. पर्समधलं रीळ कधी निघालं, कुंपणापाशी उरलेली फुलं कोणी आणून दिली, माझं लक्षच नव्हतं. त्या उठल्या आणि मेव्राउंच्या टोपीवर त्यांनी पिवळ्या बटणांची वेणी बांधली. "घराची राखण करते," त्या त्यांच्या डचमध्ये म्हणाल्या. "माणूस आहे तोवर. नंतर पण."

मेव्राउंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि आवाज पुन्हा मास्तरीणबाईंचा केला. "कार्ड बघू." जाऊबाईंनी ते डचमधलं नवं कार्ड दिलं. मेव्राउंनी चष्मा लावून ते वाचलं, दोन चुका सांगितल्या आणि सवयीने उलटून मागची बाजू पाहिली. मग खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवलं, "रहिवाशांना कळवण्यात येते की सप्टेंबरच्या पहिल्या रविवारआधी बांधावरील गवत कापण्यात येईल." मग चौदा माणसं, मी, मेव्राउ आणि खुर्ची असे सगळे हसून आडवे. जाऊबाई एकट्याच गंभीर होत्या. "पण मागची बाजू कोरी होती!" त्या मला मराठीत पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "इतका चांगला जाड कागद!"

निघताना मेव्राउंनी निकाल दिला. "तुझं डच वाईट आहे. पुढच्या महिन्यापासून साडेदहाला सुरू करायचं. पावणेअकराला नाही." आणि गळ्यातलं दोरीला बांधलेलं जुनं भिंग काढून जाऊबाईंच्या गळ्यात घातलं. बांध उतरताना मी बघितलं, तर जाऊबाई भिंगातून स्वतःचा तळहात निरखीत चालल्या होत्या.

मेव्राउ आता फेरीला येत नाहीत. नदीकाठच्या एका वृद्धांच्या घरात पहिल्या मजल्यावर राहतात आणि फेरी मुद्दाम त्यांच्या खिडकीखालून जाते. वेणी वाळून तपकिरी झाली आहे. ती त्यांनी चादरींच्या कपाटात ठेवली आहे, असं जाऊबाई सांगतात. या हिवाळ्यात मी वाखनिंगनला गेले तेव्हा त्या फेरीलाच गेल्या होत्या. बाहेर झिमझिम चालली होती, घरात मी एकटी, आणि मला राहवलं नाही. पहिला डबा काढला, तळाशी हात घातला. कार्ड तिथेच होतं. मूळ गाव कराड, फुलण्याचा महिना बहुधा उशिरा. आणि खाली, जिथे कागद खोडून खोडून पातळ झाला होता, तिथे आता पेनने, त्यांच्या त्या कराडच्या केंद्रातल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं:

"उपयोग: महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा ते बारा. शेरा: पाऊस असला तरी."